मनमाडला गाडी बदलावी लागे

मराठवाड्यातल्या जुन्या माणसाला "मुंबई किती लांब?" असे विचारले, तर तो मैलांचा आकडा सांगत नसे. "मनमाडपर्यंत आपली गाडी, तिथून मोठी गाडी," एवढेच तो सांगे, आणि त्याच्या मते त्यात सगळे आले. औरंगाबाद ते मनमाड हे अंतर सुमारे ११३ किलोमीटर आणि मनमाड ते मुंबई सुमारे २६०. पण वळकट्या, डबे आणि लेकरे घेऊन निघालेल्या कुटुंबाला पहिला टप्पाच अधिक लांब वाटे. पहिल्या टप्प्याच्या शेवटी सगळे सामान उतरवून, पुलाच्या पायऱ्या चढून-उतरून, दुसऱ्या फलाटावर नव्या गाडीची वाट पाहायची असे. "आपली गाडी" आणि "मोठी गाडी" या दोन शब्दांत आमच्या भागाचा शंभर वर्षांचा इतिहास दडलेला आहे, असे मला वाटते.

मी शाळेत इतिहास शिकवतो. 'सरहद्दीवरचे स्थानक' असे म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे अटारी येते. तारांचे कुंपण, संगिनी, झेंडे येतात. त्यांतला एखादा बहुश्रुत मुलगा नवापूरचे नाव घेतो. नंदुरबार जिल्ह्यातले हे स्थानक खरेच नवलाचे आहे. १९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि दोन्ही राज्यांची रेषा तिथल्या फलाटावरूनच गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत, आणि घोषणा चार भाषांत! प्रवासी तिथल्या बाकावर हौसेने बसतात आणि एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून छायाचित्र काढून घेतात. पण मुलांना मी सांगतो की, बाबांनो, आपल्या घरापासून तीन तासांवर जी सरहद्द होती तिच्यापुढे नवापूर म्हणजे खेळ आहे. तिच्यावर छायाचित्र काढण्यासारखा बाक नव्हता आणि फलाटावर ओढलेली रेघही नव्हती. तरी ती माणसाच्या खिशातून, कागदातून आणि जिभेवरून जात होती.

ती कशी झाली ते पाहायचे तर थोडे मागे जावे लागेल.

१८६०च्या दशकात मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे कसारा घाट चढून नाशिक, मनमाड, नांदगाव करीत खानदेशात उतरली. हा सारा इंग्रजी मुलूख. निजामाचे राज्य तिथून हाकेच्या अंतरावर, पण रुळांच्या बाहेर. औरंगाबादला किंवा वेरूळला यायचे तर माणूस नांदगावला उतरे आणि टांग्याने, बैलगाडीने लांबची वाट तुडवी. लेणी पाहायला येणाऱ्या साहेबांसाठी छापलेल्या जुन्या मार्गदर्शिकांतून वेरूळचे स्टेशन म्हणून नांदगावचेच नाव सापडते. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला, आणि त्याच काळात दौंड-मनमाड हा फाटा बांधून १८७८ साली खुला झाला. मनमाडचे जंक्शन झाले ते तेव्हा.

निजामाच्या राज्यातली पहिली आगगाडी वाडीहून सिकंदराबादला १८७४ साली पोचली होती. ती मोठ्या मापाची, म्हणजे पाच फूट सहा इंच रुंदीच्या रुळांवरची होती. राजधानीला मोठी लाईन मिळाली. मराठवाड्याची पाळी आली ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. सहावे निजाम मीर महबूब अली खान गादीवर असताना 'हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे' या नावाने हैदराबाद ते मनमाड असा ३९१ मैलांचा रस्ता घातला गेला आणि १९००-०१ पर्यंत तो पुरा झाला. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही गावे एका दोरीत ओवली गेली. पण दोरी बारीक होती! ही लाईन मीटर गेजची, म्हणजे सव्वातीन फुटांच्या आसपास रुंदीची. हलके रूळ, लहान पूल, कमी खर्च, हा तिचा हिशेब. सरकारी रेल्वेसाठी हे लहान माप घेण्याचे धोरण लॉर्ड मेयो यांच्या काळात, १८७० साली ठरले होते. अशा रीतीने मनमाडच्या आवारात दोन मापे समोरासमोर येऊन थांबली. मुंबईचा डबा आमच्या रुळांवर चढू शकत नव्हता, आणि आमचा डबा मुंबई पाहू शकत नव्हता.

राज्याची हद्द मात्र नेमकी मनमाडला नव्हती, हे सांगितले पाहिजे. मनमाडहून निघालेली छोटी गाडी अनकाई-टनकाईचे जोडकिल्ले उजेडात दाखवीत नगरसूलला येई. येवला तालुक्यातले नगरसूल नाशिक जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी अमलाखाली. त्यापुढे वैजापूरचे स्टेशन रोटेगाव, ते निजामाचे. या दोघांच्या मधल्या माळरानात कुठेतरी गाडी राज्य बदले. खिडकीतून पाहणाऱ्याला काही दिसत नसे. तेच बाभळीचे बन, तीच काळी-मुरमाड जमीन, तीच बाजरी, त्याच मराठीत गुरांना हाका मारणारे गुराखी. पण मधल्या माळाला कोण विचारतो? माणूस उतरतो, थांबतो, बोलतो ते स्टेशनात. म्हणून लोकांच्या मनात सरहद्द म्हणजे मनमाडच राहिले.

आता या हद्दीने काय काय बदले ते पाहा.

पहिला बदले रुपया. इकडे निजामाचा हाली सिक्का, तिकडे इंग्रजांचा कलदार. शंभर कलदार रुपयांना सुमारे ११६ हाली रुपये पडत. म्हणजे घरून निघताना जे शंभर होते, ते मनमाडच्या पलीकडे पंचाऐंशी-शहाऐंशीच भरत. माणूस काही न खाता-पिता गरीब होई. दुसरी बदले तारीख. निजामाच्या दफ्तरात फसली सन चाले. महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे. माझ्या आजोबांचा जन्म शाळेच्या दाखल्यावर 'खुरदाद १३३२ फसली' असा लिहिलेला होता. हैदराबाद संस्थानात त्याचा अर्थ शिपायालाही कळे. तोच दाखला घेऊन ते नाशिकला नोकरीसाठी गेले, तेव्हा समोरच्या कारकुनाने तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि "हे गृहस्थ जन्मले तरी केव्हा?" असा प्रश्न साऱ्या कचेरीला विचारला. आजोबांनी १३३२ मध्ये ५९१ मिळवून १९२३चा एप्रिल काढून दाखवला. ही बेरीज आमच्या घरात पुढे तीन पिढ्यांना पाठ झाली.

तिसरी बदले भाषा. संस्थानात सुमारे चौथा हिस्सा लोक मराठी बोलत, पण दरबाराची आणि कचेरीची भाषा उर्दू. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. देशी भाषेत उच्च शिक्षण देणारे म्हणून त्याचे मोठे कौतुक झाले, आणि ते खोटे नव्हते. पण जालन्याच्या किंवा परभणीच्या मराठी मुलाला ती देशी भाषाही शिकूनच घ्यावी लागे. आमच्या बोलीत आजही कागद 'दाखल' होतो, माणूस 'बेजार' होतो, जमिनीचा 'पट्टा' होतो, म्हाताऱ्यांच्या तोंडी तहसीलदाराची 'पेशी' असते. पुण्याचा पाहुणा हसतो, हसू द्यावे. शब्द जुलमाने येतात आणि मग मायेने राहतात.

चौथी गोष्ट करोडगिरी. संस्थानात येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मालावर जकात लागे. इंग्रजांशी १८०२ साली झालेल्या तहाने तिचा दर शेकडा पाचवर बांधलेला होता. रेल्वेने आलेला मालही तिच्यातून सुटत नसे. लग्नाचा बस्ता येवल्याहून आणायचा म्हणजे घरात खलबते चालत. नवे कापड असेल तर जकात. अंगावरचे असेल तर नाही! आजोबा सांगत की एका मे महिन्यात ते तीन धोतरे एकावर एक नेसून आले. नाक्यावरच्या म्हाताऱ्या शिपायाने त्यांना आपादमस्तक पाहिले आणि म्हणाला, "मियाँ, थंडी फार पडली वाटतं तिकडे?" मग त्यानेच त्यांना पाणी पाजले आणि सोडून दिले. राज्ये वेगळी होती. उन्हाळा दोघांचा एकच होता.

इंग्रजी मुलखातले लोक आमच्या भागाला 'मोगलाई' म्हणत. मुळात ते नुसते नाव होते. पुढे त्याची म्हण झाली. अजूनही कुणी बेबंद वागला की मराठी माणूस विचारतो, "ही काय मोगलाई लागून गेली?" विचारणाऱ्याला ठाऊक नसते की ही म्हण ज्यांच्यावरून पडली ते त्याचे सख्खे भाऊ होते आणि त्या मोगलाईचे सगळ्यात मोठे सोसणे त्यांच्याच वाट्याला आले होते. नाशिक-नगरच्या सोयरिकी आमच्याकडे होत, पण "मुलगी मोगलाईत दिली" हे वाक्य जरा आवाज उतरवूनच बोलले जाई. सरहद्द जमिनीवर आखली की ती असा मनातही एक सारा वसूल करते.

ही सरहद्द दारासारखी कशी वापरली गेली, तेही सांगितले पाहिजे. १९३८ साली औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातल्या आणि हैदराबादच्या वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हक्क मागितला. सत्तेने मनाई केली. मुले हटली नाहीत. शेकडोंची नावे विद्यालयांतून काढली गेली. त्यांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे घेतले. आमच्या भागातून नागपूरला जायची वाट म्हणजे मनमाडला गाडी बदलून भुसावळच्या दिशेने. पंधरा-सतरा वर्षांची पोरे ट्रंका घेऊन त्या फलाटावर उतरली, तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळले असेल की शिक्षणही सरहद्दीपलीकडे असू शकते.

मग १९४७ आले. १५ ऑगस्टला मनमाडला तिरंगा फडकला. रोटेगावला फडकवणे गुन्हा होता. स्वामी रामानंद तीर्थांना त्याच दिवशी अटक झाली. नोव्हेंबरात दिल्ली आणि हैदराबाद यांच्यात 'जैसे थे' करार झाला, पण रझाकारांच्या वावरात जैसे थे असे काही उरले नव्हते. खेड्यापाड्यांतली कुटुंबे रातोरात घर सोडून नाशिक, नगर, सोलापूर, वऱ्हाडाकडे निघाली. सरहद्दीच्या कडेने, मनमाड, बार्शी, सोलापूर, उमरखेड अशा ठिकाणी, स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांची केंद्रे आणि शिबिरे उभी राहिली. आतून माणसे बाहेर येत. बाहेरून पत्रके, निरोप आणि पुढे शस्त्रेही आत जात. ज्या फलाटावर बस्त्याच्या साड्या लपवल्या जात, त्याच फलाटावर आता निर्वासितांच्या वळकट्या पडू लागल्या. माझी आजी अशाच एका वळकटीवर बसून तीन दिवस मनमाडला होती. तिच्याजवळ एक पितळी तांब्या आणि सात महिन्यांचे मूल होते. "लोक भाकरी आणून देत होते, नाव विचारत नव्हते," एवढे एकच वाक्य ती त्या तीन दिवसांविषयी बोले.

१३ सप्टेंबर १९४८ला भारतीय सैन्य चारी बाजूंनी संस्थानात शिरले. औरंगाबादकडे येणाऱ्या फौजेचे नेतृत्व मेजर जनरल ब्रार यांच्याकडे होते. पहिल्या दोन दिवसांतच शहर हाती आले. १७ तारखेला निजामाने शस्त्रे खाली ठेवल्याचे जाहीर केले. आमच्याकडे लोक याला अजून 'पोलिस अ‍ॅक्शन' म्हणतात. नगरसूल आणि रोटेगाव यांच्यामधली ती न दिसणारी रेघ पाच दिवसांत पुसली गेली. फसली १३५७चा शेवटचा महिना चालू होता.

पुष्कळ पुस्तके इथे प्रकरण संपवतात. मला मात्र खरी गोष्ट इथून पुढे आहे असे वाटते.

कारण राज्याची सरहद्द गेली, पण रुळांची सरहद्द तशीच राहिली! स्वातंत्र्य आले, १९५० साली निजामाची रेल्वे भारत सरकारकडे गेली आणि १९५१ साली मध्य रेल्वेत सामील झाली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. एकेक करून सगळे दरवाजे उघडले. मनमाडला मात्र गाडी बदलावीच लागे. हाली सिक्का चलनातून गेला, करोडगिरी गेली. मापातला दोन सव्वादोन फुटांचा फरक कुणाच्या तहात किंवा कायद्यात नव्हता, म्हणून तो राहिला.

या फरकाचा भुर्दंड कसा बसे ते पाहण्यासारखे आहे. जालना, सेलू, परभणीकडचा कापूस गाठी बांधून मनमाडला येई. तिथे हमाल त्या पाठीवर घेऊन छोट्या डब्यातून काढीत आणि मोठ्या डब्यात भरीत. मुंबईहून येणारे सिमेंट, लोखंड, यंत्रे यांची तीच गत, फक्त उलट दिशेने. प्रत्येक पोत्याला दोनदा मजुरी, दोनदा फाटण्याची भीती, आणि मोठा डबा रिकामा मिळेपर्यंत उघड्यावरचा मुक्काम. कारखाना काढू पाहणारा माणूस हा हिशेब मांडी आणि नाशिक किंवा पुणे बरे म्हणे. मराठवाडा मागे का राहिला याची कारणे पुष्कळ आहेत. दुष्काळ आहे, उशिरा आलेले शिक्षण आहे, जमीनदारी आहे. पण मनमाडच्या आवारात उतरवलेले प्रत्येक पोते हेही त्यातले एक कारण होते.

असे दुःख जगात आमचेच होते असे नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या दोन वसाहतींनी आपापले माप निवडले आणि त्यांच्या हद्दीवरच्या आल्बरी स्टेशनात सिडनी-मेलबर्नचे प्रवासी अपरात्री गाडी बदलू लागले. मार्क ट्वेन १८९५ साली तिथून गेला आणि पुढे आपल्या प्रवासवर्णनात त्याने या शहाणपणाची यथेच्छ थट्टा केली. १९०१ साली त्या वसाहतींचा एक देश झाला. तरी सिडनीहून मेलबर्नला एकाच मापाच्या रुळांवर जाता येण्यासाठी १९६२ साल उजाडावे लागले. लोक एक, भाषा एक, देश एक, आणि रूळ दोन. आमचेही तसेच.

मी लहान असताना ती छोटी गाडी शेवटची वर्षे धावत होती. दिवाळीला मुंबईचे काका येत ते पंचवटीने मनमाडला, आणि तिथून छोट्या गाडीने. मनमाडला दोन गाड्यांमधला वेळ कधी वीस मिनिटांचा, कधी पाच तासांचा. त्या पाच तासांत फलाटावर एक वेगळाच संसार थाटला जाई. सतरंज्या पसरल्या जात, दशम्या सुटत, कुणाची चकली कुणाच्या डब्यात जाई. नांदेडच्या हुजूर साहिबला निघालेले पंजाबी यात्रेकरू गुरुद्वाऱ्यातून येऊन शेजारी टेकत, आणि एखादा सरदारजी काकांच्या मुलांच्या हातावर कडाप्रसाद ठेवी. शिर्डीचे भक्त, वेरूळ पाहायला निघालेले परदेशी, खानदेशातून पैठणच्या षष्ठीला निघालेले वारकरी हे सगळे त्या एका सिमेंटच्या पट्ट्यावर. मराठवाड्याच्या माणसाने जग पाहिले ते पुष्कळदा असे, मनमाडच्या फलाटावर बसून. मापाच्या फरकाने आमचा पैसा नेला, पण तेवढी गाठभेट दिली, हेही खरे.

आणखी एक सरहद्द त्या स्टेशनात होती. तिचा उल्लेख दिवाळीच्या अंकात करू नये असे मला वाटत नाही. १९३८च्या फेब्रुवारीत जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडला भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचे गाजलेले प्रतिपादन याच परिषदेतले. त्यांनी रेल्वेतली नेमकी स्थिती सांगितली होती. अस्पृश्य कामगार रुळांवर गँगमन म्हणून जन्मभर राबतो, पण त्याला पोर्टरची साधी जागा मिळत नाही. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामेही सांगितली जातात, आणि तिथे शिवाशिव आडवी येते. ज्यांच्या हातांनी रूळ सरळ राहत, त्यांना फलाटावर चढायला मज्जाव! ही रेघ निजामाच्याही मुलखात होती आणि इंग्रजांच्याही. तिला रोटेगाव आणि नगरसूल सारखेच. पुढे बाबासाहेबांनी १९५० साली आमच्या शहरात महाविद्यालय काढले, ते आजचे मिलिंद. तिथे शिकायला नागपूरकडून, खानदेशातून, कोकणातून मुले येऊ लागली. त्यांची वाट मनमाडवरूनच होती. गँगमनांची ती मुले हातात पुस्तके घेऊन त्याच फलाटावर छोट्या गाडीची वाट पाहत उभी राहिली. १९३८ साली काढून टाकलेली मुले इथून बाहेर गेली होती. बारा वर्षांनी, ज्यांना कधी आतच घेतले नव्हते ती मुले इथून आत आली. मनमाडच्या इतिहासातले हे दोन जथे मला शेजारी शेजारी उभे दिसतात.

रुळांची सरहद्द पुसायला मात्र फौज येणार नव्हती. ते काम अर्ज, ठराव, मोर्चे आणि सत्याग्रह यांनी करायचे होते. मुक्तिसंग्रामातले नेते गोविंदभाई श्रॉफ यांनी मराठवाडा जनता विकास परिषदेतून मनमाडपासूनच्या रुंदीकरणाची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. ज्या माणसाने निजामाच्या राज्याशी झुंज घेतली, त्याला उतारवयात दोन सव्वादोन फुटांसाठी आपल्याच सरकारच्या दारात उभे राहावे लागले. त्यांनी ते कमीपणाचे मानले नाही. स्वातंत्र्याचेच उरलेले काम मानले. अखेर १९९० नंतरच्या चार-पाच वर्षांत मनमाड-औरंगाबाद आणि पुढे परभणी-नांदेडपर्यंत मोठे रूळ पडले. राज्याची सरहद्द पाच दिवसांत गेली होती. रुळांची जायला त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे लागली.

मग मुंबईची गाडी सरळ आमच्या स्टेशनात येऊन उभी राहिली. तपोवन आली, देवगिरी आली. अमृतसरहून नांदेडपर्यंत सचखंड एक्स्प्रेस येऊ लागली. २०२३च्या डिसेंबरात जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली आणि २०२५ साली ती नांदेडपर्यंत गेली. २०२३ सालीच शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. फलाटावरची पाच तासांची दिवाळी संपली. तिच्यासाठी हळहळणारे लोक मला भेटतात. मी त्यांना म्हणतो, गोड आठवण खरी, पण आपण ती हमालांच्या पाठीवर बसून गोळा केली.

तरी जुन्या रेषा पूर्ण जात नाहीत. १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे निघाली आणि मराठवाड्याचा कारभार पुन्हा सिकंदराबादकडे गेला. मनमाड मध्य रेल्वेत राहिले, आणि तिथून अनकाईकडे निघाले की दुसरी रेल्वे सुरू झाली. निजामाची नव्हे, आपलीच. पण रेघ जवळजवळ जुन्या जागी. २००३ साली नांदेडला स्वतंत्र विभाग झाला, तोही दक्षिण मध्य रेल्वेतच. आमच्या गाड्यांचे निर्णय मुंबईत व्हावेत की सिकंदराबादेत, हा वाद वर्तमानपत्रांतून अधूनमधून उठतो. तो उठला की मला त्या छोट्या रुळांची आठवण होते. मुंबईला आम्ही तिकडचे वाटतो, सिकंदराबादला इकडचे.

१७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन होते. मुले ओळीने उभी राहतात, भाषणे होतात, खाऊ मिळतो. "सर, आपल्याला दोन स्वातंत्र्यदिन का?" असे एखादे लहानगे विचारते. मी त्याला लढायांच्या तारखा सांगत बसत नाही. फळ्यावर एक आडवी रेघ काढतो. तिच्यावर नगरसूल लिहितो, रोटेगाव लिहितो, आणि मध्ये बोट ठेवतो. इथे तुझ्या पणजोबांचा रुपया बदलत होता, वाढदिवस बदलत होता, शाळेची भाषा बदलत होती. आणि हे सगळे एका गाडीत, एकाच बाकावर बसल्या बसल्या. मग त्याला दुसरा झेंडा समजतो.

या दिवाळीत पुष्कळ कुटुंबे मुंबई-नाशिकहून आमच्याकडे येतील. मनमाडला सचखंड गाडीचे इंजिन एका टोकाकडून काढून दुसऱ्या टोकाला लावतात, ते दिसले तर मुलांना दाखवावे. पुढे डोंगरावरचे अनकाई-टनकाई दाखवावेत. आणि नगरसूल मागे पडले की मुलांना मोबाइलमधून मान वर काढायला सांगून खिडकीशी बसवावे. बाहेर बाजरीची कापणी झालेली रिकामी शेते असतील, एखादी विहीर असेल, बांधावर शेरडे असतील. ती म्हणतील, "इथं तर काहीच नाही." हे ऐकायला माझी आजी असायला हवी होती.